पहाटेचा पूल, संध्याकाळची नदी
प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी जूनमध्ये प्राग आणि बुडापेस्टला जाणार आहोत. गर्दी टाळून चांगली छायाचित्रे कशी काढता येतील?

उत्तर : १३५७ मध्ये बांधायला घेतलेल्या प्रागच्या चार्ल्स पुलावर दुपारी पाय ठेवायलाही जागा नसते, मात्र जूनमध्ये तेथे सूर्य पाचच्या सुमारास उगवत असल्याने, झोपेचा मोह सोडून (चौघींचे यावर एकमत होणे हेच खरे कठीण) पहाटे पोहोचलात, तर पुलावरच्या ३० शिल्पांच्या रांगांपलीकडे, पश्चिमेकडच्या किल्ल्यावर पडणारे कोवळे ऊन निवांतपणे टिपता येईल. बुडापेस्टचे संसद भवन डॅन्यूबच्या पूर्व काठावर आहे, म्हणून ते समोरच्या बुडा बाजूने, सूर्यास्तापूर्वी टिपावे. वास्तूकडे पाठ करून रांगेत उभे राहण्यापेक्षा चालता-बोलताना टिपलेल्या मैत्रिणी मला अधिक बोलक्या वाटतात.