थॅडियस स्टीव्हन्स कोण होते आणि त्यांचे कार्य काय?
अमेरिकी वकील आणि राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात झाला. वकिली मात्र त्यांनी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग आणि लँकेस्टर येथे केली. १८२१ मध्ये गुलामांच्या एका मालकाची बाजू मांडून त्यांनी मुक्ती मागणाऱ्या स्त्रीविरुद्ध खटला जिंकला होता. त्याच स्टीव्हन्स यांनी पुढे पळून आलेल्या गुलामांचा न्यायालयात बचाव केला, हे परिवर्तन मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते. १८३५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळात त्यांनी मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा वाचवला. यादवी युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी ते झटले. १८६८ मध्ये निधनानंतर, त्यांच्याच इच्छेनुसार, वर्णभेद न पाळणाऱ्या लँकेस्टरमधील एका लहान दफनभूमीत त्यांचे दफन झाले.