लिनक्सवर प्रॉमिस्क ऑफ केलं तरी नेटवर्क कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्येच का राहतं?

तुम्ही म्हणताय की 'आयपी लिंक सेट' वापरून प्रॉमिस्क ऑफ केलं, एरर आली नाही, साध्या आउटपुटमध्येही प्रॉमिस्क दिसत नाही, तरी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (म्हणजे दुसऱ्यांसाठी असलेल्या फ्रेम्स, नेटवर्कवरचे डेटाचे तुकडे, तेही उचलायचे तो मोड) गेल्याची ओळ आहे आणि बाहेर आल्याची ओळ काही येत नाही. कमांड बरोबरच आहे तुमची. गोची अशी आहे की कर्नल याला चालू-बंदचं बटण म्हणून वागवतच नाही, तो मोजणी ठेवतो.

म्हणजे टीसीपीडंपने (ट्रॅफिक पकडून दाखवणारं टूल) मोड मागितला की एक वाढला, वायरशार्कने (तसंच दुसरं टूल) मागितला की अजून एक, कार्ड ब्रिजमध्ये (कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचमध्ये) घातलं की ब्रिजचा वेगळा एक, आणि तुम्ही हाताने ऑन केलं तर तुमचा एक (दहा वेळा ऑन दिलं तरी एकच धरतो). ऑफ केल्यावर फक्त तुमचा एक कमी होतो, आणि आधी ऑन केलंच नसेल तर काहीच होत नाही, एररसुद्धा नाही. आकडा शून्यावर येईपर्यंत कार्ड सगळ्यांच्या फ्रेम्स वर पाठवत राहणार.

आता ते दिसत का नाही, तर आयएफकॉन्फिग (कार्डची माहिती दाखवणारी जुनी कमांड) आणि साधं आयपी लिंक हे दोन्ही प्रॉमिस्क फक्त तेव्हाच दाखवतात जेव्हा ते कमांडने लावलेलं असतं, टीसीपीडंपने किंवा ब्रिजने लावलेलं दाखवत नाहीत. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, आउटपुट स्वच्छ दिसलं की विषय संपला असं समजतात. खरा आकडा बघायचा तर आयपीला डॅश डी लावून लिंक शो करा, तिथे प्रॉमिस्क्युइटीपुढे ० आहे की १, २ ते कळेल. सिसएफएसमधली (कर्नलची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवणारं फोल्डर) त्या कार्डची फ्लॅग्ज फाइल पण खरं सांगते, एरवी हेक्समध्ये १००३ असेल तर मोड चालू असताना तिथे ११०३ दिसतं.

मग शोधायचं की मागणारा कोण. एसएस कमांडला डॅश शून्य आणि डॅश पी लावून रूटने चालवा, कुठल्या प्रोसेसने पॅकेट सॉकेट (कार्डवरून थेट फ्रेम्स घ्यायचा मार्ग) उघडलंय ते नावासकट येतं, पण प्रत्येक पॅकेट सॉकेटवाला प्रॉमिस्क मागतोच असं नाही, डीएचसीपी क्लायंट (नेटवर्ककडून आयपी पत्ता मागून घेणारा प्रोग्रॅम) पण त्यात दिसू शकतो, त्यामुळे सरसकट मारत सुटू नका. योग्य प्रोसेस बंद केली की तिचा एक कर्नल आपोआप कमी करतो. तिथे कुणी संशयित नसेल तर ब्रिज लिंक बघा, कारण डॉकर (कंटेनर चालवणारं) किंवा केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारं) असलेल्या मशीनवर ब्रिजनेच मोड लावलेला असणं अगदी नॉर्मल आहे, ते तसंच राहू द्या, ब्रिजचं काम त्यावरच चालतं.

पुन्हा कुणी लावू नये असं हवं असेल तर परवानगी काढा. टीसीपीडंपला कॅप नेट रॉ (पॅकेट सॉकेट उघडायची कर्नलची परवानगी) लागतं आणि डॉकर ते कंटेनरला डीफॉल्टने देऊन टाकतो, गरज नसेल तिथे कॅप ड्रॉप करा. फक्त स्वतःच्या मशीनचा ट्रॅफिक बघायचा असेल तर टीसीपीडंपला छोटा डॅश पी द्या, तो मोड मागतच नाही.

व्हर्च्युअल मशीन असेल तर मी तरी आतून नाही, बाहेरूनच कंट्रोल करतो, कारण आत ज्याच्याकडे रूट आहे तो काहीही ऑन करू शकतो. ईएसएक्सआयच्या (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीस्विचवर, म्हणजे त्याच्या व्हर्च्युअल स्विचवर, प्रॉमिस्क्युअस मोड डीफॉल्टने रिजेक्ट असतो, पोर्ट ग्रुपवर कुणी ॲक्सेप्ट करून ठेवलंय का तेवढं बघा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक ॲडॅप्टरला डिनाय, अलाव व्हीएम्स आणि अलाव ऑल असे तीन पर्याय आहेत, डिनाय ठेवा. मग गेस्टने (आतल्या व्हर्च्युअल मशीनने) आत मोड लावला तरी दुसऱ्यांच्या फ्रेम्स त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

डॅश डीमधला आकडा आणि एसएसचं आउटपुट इथे टाका, म्हणजे तुमच्याकडे नक्की कोण धरून बसलंय ते बघता येईल.