वाचकांचे प्रश्न : ऑगस्टाच्या कुंपणाआड

प्रश्न : दरवर्षी एप्रिलमध्ये पहाटेपर्यंत जागून मी मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा दूरचित्रवाणीवर पाहतो. ती जेथे होते, त्या ऑगस्टा नॅशनल क्लबचे सभासद पैसे भरून होता येते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, आणि तेथे अर्जही करता येत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील या क्लबचे सभासदत्व केवळ निमंत्रणाने मिळते, त्यामुळे ज्याला तशी इच्छा असेल त्याने वाट पाहण्यापलीकडे काही करायचे नसते. सभासद सुमारे ३०० असून त्यांची यादी क्लब प्रसिद्ध करत नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्यांपैकी एक होते, हे मात्र सर्वश्रुत आहे.

१९३० साली त्या काळातील चारही प्रमुख स्पर्धा जिंकून अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झालेले बॉबी जोन्स आणि वित्तव्यवसायातील क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ऐन महामंदीत एका जुन्या रोपवाटिकेची जागा घेऊन हा क्लब उभारला. मैदानाची आखणी जोन्स यांच्यासह ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी केली. पण १९३४ च्या पहिल्या स्पर्धेपूर्वीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, मॅकेन्झी निवर्तले.

सभासद कोणाला करावे हा खासगी क्लबचा हक्क आहे, हे मान्य करूनही येथील इतिहास अस्वस्थ करणारा आहे. मास्टर्समध्ये खेळणाऱ्यांना १९८२ पर्यंत क्लबचेच कॅडी, म्हणजे खेळाची पिशवी वाहणारे मदतनीस, घ्यावे लागत आणि ते कृष्णवर्णीय असत. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूला, ली एल्डर यांना, या स्पर्धेत उतरण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले आणि पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये झाला. तोही केव्हा, तर त्याच वर्षी अलाबामातील शोल क्रीक क्लबच्या वर्णभेदावरून गदारोळ होऊन तेथील स्पर्धेच्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतल्यानंतर. स्त्रियांच्या बाबतीत क्लब अधिकच अडून बसला. २००२ मध्ये महिला संघटनांच्या नेत्या मार्था बर्क यांनी स्त्रियांना सभासद करावे अशी जाहीर मागणी केली, तेव्हा जाहिरातदारांवर दबाव येऊ नये म्हणून क्लबने पुढील दोन वर्षे स्पर्धेचे प्रक्षेपणच जाहिरातींविना करवले. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर यांना निमंत्रण मिळाले ते २०१२ मध्ये. बाहेरून कोणी सांगितले म्हणून नमलो, असे क्लबने कधी म्हटले नाही. दरवाजा मात्र बाहेरून बराच वेळ ठोठावला गेल्यावरच उघडला, असे या तारखा पाहून आम्हांस वाटते.

प्रश्न : तेथील हिरवळ आणि फुले खरी असतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरी असतात, मात्र निसर्गावर सोपवलेली नसतात. जागा मूळची रोपवाटिकेची असल्याने अठराही होलना, म्हणजे खेळाच्या टप्प्यांना, झाडाझुडपांची नावे आहेत. तेरावा होल अझेलिया या फुलझाडाच्या नावाचा आहे. उन्हाळ्यात काही महिने क्लब बंद असतो आणि शरद ऋतूत उष्ण हवामानातील गवतावर थंडीत हिरवे राहणारे राय गवत पेरले जाते. ग्रीनखाली, म्हणजे खळगीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली, नळ्यांचे जाळे असून त्यांतून हवा ओढून जमिनीतील जादा ओल कमी करता येते, म्हणून पावसानंतरही चेंडू तेथे वेगाने घरंगळतो.

प्रश्न : विजेत्याला हिरवा कोट कायमचा मिळतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो कोट मुळात सभासदांचा, विजेत्याला तो १९४९ पासून दिला जातो. वर्षभर त्याने तो घरी ठेवावा आणि नंतर क्लबमध्ये आणून द्यावा, असा शिरस्ता आहे. १९६१ चे विजेते गॅरी प्लेअर यांनी तो दक्षिण आफ्रिकेला नेला आणि रॉबर्ट्स यांचा दूरध्वनी आला तेव्हा, हवा असल्यास येऊन घेऊन जावा, असे कळवले. अखेर तो चारचौघांत न घालण्याच्या अटीवर त्यांच्याकडेच राहिला.