टीव्हीला इंटरनेट देऊच नका

नवा टीव्ही लावलात की आधी त्याचं वायफाय बंद ठेवा. होम स्क्रीनवरच्या जाहिराती इंटरनेटवरूनच येतात. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला व्हिडिओ चालवणारा वेगळा बॉक्स जोडा. स्वतःच्या डिस्कवर सिनेमे असतील तर डोळे मिटून जेलीफिन हे आपले सिनेमे टीव्हीवर पोचवणारं सॉफ्टवेअर घ्या: 2018 मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं, फुकट, जाहिरात एकही नाही. सर्व्हर म्हणून, म्हणजे जेलीफिन ज्यावर चालतं ते मशीन म्हणून, जुना लॅपटॉपही चालतो, पण बॉक्सला फाइल जशीच्या तशी चालवता आली पाहिजे. नाहीतर सर्व्हर ती चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलत बसतो. माझ्याकडे सबटायटल लावली की चित्र अडखळायचं. ती चित्ररूपातली होती, म्हणून सर्व्हरला व्हिडिओ बदलत बसावं लागायचं. साध्या एसआरटी, म्हणजे नुसत्या मजकुराच्या, फाइल टाकल्या आणि अडखळणं गेलं. घरच्या नेटवर्कवर जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलवर मात्र भिस्त नको, यूट्यूबच्या जाहिराती त्याने अडत नाहीत.