वाचक विचारतात : अ‍ॅनिमेशनसाठी जर्मनीला जाऊ का?

प्रश्न : मी कोल्हापूरची, बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लुडविग्सबुर्गच्या फिल्म अकादमीत अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स (संगणकावर तयार केलेले दृश्य परिणाम) शिकायचंय. सॉफ्टवेअरचा क्लास आधी लावू का?

उत्तर : अगं, आधी जर्मनचा क्लास लाव. स्टुटगार्टजवळची ही अकादमी 1991 साली सुरू झाली, तिची अ‍ॅनिमेशन संस्था 2002 ची. शिकवणं मुख्यतः जर्मनमधून चालतं. मी तिथे गेले तेव्हा माझं जर्मन दुकानात ब्रेड मागण्यापुरतं होतं. शॉटवर चर्चा सुरू झाली की मी नुसती मान डोलवायची. त्या पहिल्या सहा महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

आता कामाचं. पोर्टफोलिओत चकचकीत ड्रॅगन नको. तुमच्याकडे डोक्यावर भारा घेऊन चालणारी बाई रोज दिसते ना? तिचं चालणं काढ. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पडद्यावरच्या स्थिर चौकटी. एकच चित्र दोन फ्रेम धरलंस तर सेकंदाला 12 चित्रं. मान स्थिर, कंबर हलते, वजन टाचेवर कधी येतं ते नीट बघ. हे डोळ्यांनी टिपता आलं की माया, हुडिनी अशी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं तिथे शिकता येतात.

स्टुटगार्टला दरवर्षी एफएमएक्स ही अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्सची परिषद भरते. तिथे मोठ्या स्टुडिओंतली माणसं आपले शॉट उलगडून दाखवतात. मला ते वर्गाइतकंच उपयोगी पडलं.

प्रवेशाच्या तारखा आणि फी मात्र अकादमीकडूनच विचारून घे, एजंटाच्या तोंडून नको. आणि त्या बाईची चित्रं झाली की मला जरूर पाठव.