उन्हाळी शहरांत आइस हॉकी चालते का? आधी फिनिक्स, मग टॅम्पा पाहिलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: बाहेर चाळीस अंश ऊन असलेल्या शहरात व्यावसायिक आइस हॉकीचा संघ टिकतो का? आणि टिकत असेल, तर मग पुण्या-मुंबईत का नाही?

टिकतो. नुसता टिकत नाही, जिंकतोही. अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक हॉकी लीगचं, म्हणजे एनएचएलचं, विजेतेपद म्हणजे स्टॅनली कप. २०२० आणि २०२१ चा कप फ्लोरिडातल्या टॅम्पाचा, २०२३ चा लास वेगसचा, २०२४ आणि २०२५ चा फ्लोरिडा पँथर्सचा. सहा वर्षांत थंडीतला विजेता एकच, २०२२ चा कोलोरॅडो. आणि ज्या कॅनडात पोरं चालायच्या आधी स्केट घालतात असं म्हणतात, तिथला एकही संघ १९९३ नंतर २०२५ पर्यंत कप जिंकलेला नाही. त्यातही मजा म्हणजे २०२० ची फायनल टॅम्पा आणि डॅलस यांच्यात होती आणि कोविडमुळे ती खेळवली एडमंटनला, रिकाम्या खुर्च्यांपुढे. यजमान बर्फाळ, पाहुणे दोघेही उन्हाळी.

पण अशाच उन्हात एक संघ माझ्या डोळ्यांदेखत गाळात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सात वर्षं ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला होतो आणि २०१९ पासून टॅम्पाच्या उत्तरेला वेस्ली चॅपलला राहतो.

आधी बर्फाचं बोलू, कारण सगळे तिथेच अडकतात. माझे बाबा रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, लाद्या काढायच्या, त्या फोडून मच्छीच्या होड्यांवर पाठवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. ते इकडे आले तेव्हा ऑक्टोबरात त्यांना लाइटनिंगच्या, म्हणजे टॅम्पाच्या संघाच्या, मॅचला नेलं. बाहेर घामाच्या धारा आणि आत मी त्यांना स्वेटर चढवायला लावलेला. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कुठे जातोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. “खाली काय आहे रे?” एवढंच विचारत होते. सांगितलं, काँक्रीटच्या थरात मैलभराहून लांब नळ्या आहेत, त्यांतून गोठणबिंदूच्या बऱ्याच खालचं खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ. “म्हणजे लादीच की,” बाबा म्हणाले. “फक्त आडवी.” मग थोड्या वेळाने वर छताकडे बघत, “दमट हवेचं काय करतात? आमच्याकडे पावसाळ्यात छपरातनं थेंब पडायचे.”

नेमका प्रश्न होता. उष्णतेपेक्षा दमटपणा वाईट. बाहेरची ओलसर हवा आत शिरली की बर्फावर दव धरतं, पृष्ठभाग मऊ पडतो आणि पक सरपटायच्या ऐवजी उड्या मारायला लागतो. म्हणून हवेतलं पाणी शोषणारी मोठी यंत्रं लागतात आणि बर्फाजवळची दारं उगाच उघडी ठेवून चालत नाही. खर्चिक आहे, पण सुटलेलं गणित आहे. हॉकीतली सगळ्यात गाजलेली धुक्याची मॅच कुठल्या वाळवंटात झाली नाही, बफेलोला झाली. मे १९७५, फायनलचा तिसरा सामना, स्टेडियमला एसी नाही, आणि बर्फावर एवढं धुकं की खेळाडूंना ते पांगवायला गोल गोल स्केटिंग करावं लागलं. त्याच रात्री आत एक वटवाघूळ घुसलं होतं, ते एका खेळाडूने स्टिकने मारलं. उन्हाळी शहरांचीही फजिती झालेली आहे, नाही असं नाही. १९९१ मध्ये लास वेगसला एका हॉटेलच्या आवारात उघड्यावर मॅच घेतली, तर दिव्यांना भुलून टोळ येऊन बर्फावर पडायला लागले.

मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारी झँबोनी फिरली तशी बाबांची कळी खुलली. ते यंत्र बनलं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात, १९४९ मध्ये. फ्रँक झँबोनी मुळात बर्फाच्या लाद्या विकणारा माणूस. घरोघरी फ्रिज यायला लागले, धंदा बसायला लागला, तेव्हा त्याने आपली शीतयंत्रं वापरून स्केटिंगचं रिंक काढलं आणि ते सारखं करायला तास तास लागतो म्हणून हे यंत्र जुळवलं. म्हणजे या थंडीतल्या खेळाचं सर्वांत ओळखीचं यंत्रच मुळी उन्हातल्या बर्फवाल्याने दिलेलं आहे. हे ऐकून बाबांनी मॅचपेक्षा झँबोनीला जास्त टाळ्या दिल्या.

आता तो गाळात गेलेला संघ, ॲरिझोना कायोटीज. संघ १९९६ मध्ये विनिपेगहून फिनिक्सला आला. गावातलं स्टेडियम बास्केटबॉलसाठी बांधलेलं, काही खुर्च्यांवरून एका बाजूचा गोलच नीट दिसायचा नाही. मग २००३ मध्ये ग्लेनडेलला नवं कोरं स्टेडियम झालं. छान होतं, पण शहराच्या पश्चिम टोकाला, आणि हॉकीला पैसे मोजणारी बरीचशी मंडळी पूर्वेला, स्कॉट्सडेल, टेम्पी, चँडलर या बाजूला. मी स्वतः ते भोगलंय. सात वाजताच्या मॅचला सव्वापाचला ऑफिसातून निघायचं, डाउनटाउनच्या बोगद्यात गाड्यांच्या रांगेत रुतायचं आणि पोचेपर्यंत पहिला पिरियड अर्धा संपलेला. पस्तीसेक मैल. मंगळवारी रात्री पोरांना घेऊन कोण जाईल? पहिल्या वर्षी सहा मॅच पाहिल्या, दुसऱ्या वर्षी दोन, नंतर टीव्हीवर.

आणि या लीगमध्ये ते फार महाग पडतं. अमेरिकन फुटबॉलचे संघ टीव्हीच्या पैशांवर जगतात, हॉकीचे संघ त्या मानाने तिकिटांवर. खुर्ची रिकामी राहिली की थेट खिशाला भोक.

बाकीची दुर्दशा मालकांनी केली. २००९ मध्ये दिवाळखोरी, मग २०१३ पर्यंत संघ चक्क लीगच्या ताब्यात. संघ जाऊ नये म्हणून ग्लेनडेल पालिकेने लागोपाठ दोन मोसम अडीच-अडीच कोटी डॉलर मोजले, आणि पुढे त्याच पालिकेने संघाशी केलेला करार मोडायला काढला. शेवटची दोन वर्षं हा व्यावसायिक संघ विद्यापीठाच्या आवारातल्या पाचएक हजार आसनांच्या रिंकवर खेळला. मे २०२३ मध्ये टेम्पीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमचा प्रस्ताव फेटाळला आणि २०२४ मध्ये खेळाडूंसकट सगळा बाडबिस्तारा सॉल्ट लेक सिटीला गेला. तेव्हा “वाळवंटात हॉकी कसली चालणार” असं लिहिणारे खूप निघाले. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच वाळवंटातला वेगसचा संघ २०१७ मध्ये सुरू झाला, पहिल्याच वर्षी फायनलला पोचला आणि सहाव्या वर्षी कप घेऊन मोकळा झाला. स्टेडियम कुठे? हॉटेलांच्या रस्त्याला लागून.

टॅम्पाही काही जन्मापासून शहाणं नव्हतं. १९९२ मध्ये संघ सुरू झाला तो जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये. पुढे तीन मोसम बेसबॉलच्या घुमटाखाली, जिथे १९९६ च्या प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना, २८ हजारांवर माणूस जमलं होतं. २००४ मध्ये कप जिंकला आणि पुढचा अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. लोखंड तापलेलं असताना हातोडाच काढून घेतल्यासारखं झालं. नंतर मालकही असे आले की त्यांचं आपसातच पटेना. २०१० मध्ये जेफ विनिक यांनी संघ घेतला आणि तिथून चित्र पालटलं. त्यांनी सीझन तिकीटवाल्यांना जर्सी दिल्या, बाहीत चिप बसवलेली. खाण्यापिण्याच्या काउंटरवर ती दाखवली की सूट. घरच्या प्रत्येक मॅचला शहरात काम करणाऱ्या कुणा एकाचा सत्कार आणि त्याच्या आवडीच्या संस्थेला ५० हजार डॉलर. २०१५ च्या प्लेऑफमध्ये तर फ्लोरिडाबाहेरच्या लोकांना तिकीटविक्री रोखली आणि महागड्या खुर्च्यांवर पाहुण्या संघाची जर्सी घालायला बंदी केली. त्यावर बाहेर खूप हसले लोक. मला ते पटतं. इथे निम्मं गाव बॉस्टन, न्यूयॉर्क, टोरांटोहून निवृत्त होऊन आलेलं. त्यांच्या जुन्या संघांना रान मोकळं दिलं तर घरच्या मैदानावरच पाहुणे व्हायची वेळ.

पण माझ्या मते खरी गोष्ट मुलांची आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संघाने शाळाशाळांत प्लास्टिकच्या स्टिक आणि चेंडू वाटले, डांबरी अंगणात खेळायला. आमच्या वेस्ली चॅपलला २०१७ मध्ये मोठं रिंक-संकुल उभं राहिलं आणि २०१८ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकेच्या महिला संघाने तयारी केली ती इथेच, नारळीच्या भाऊबंद झाडांच्या गावात. माझा धाकटा तिथेच शिकतो. त्याची बॅग गाडीच्या डिकीत उन्हात राहिली की जो वास सुटतो, तो सुकटीला लाजवेल. ॲरिझोनाने तरी मुलं घडवली नाहीत असं कुठे आहे? ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलला वाढला, लहानपणी कायोटीजच्या मॅच बघून नाद लागला आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिल्या क्रमांकावर टोरांटोने उचलला. संघ गेला तरी ते पीक उगवलंच होतं.

करांचा मुद्दा कुणी काढेलच. फ्लोरिडा, टेक्सस, नेव्हाडा या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही आणि २००५ पासून संघाच्या एकूण पगारांवर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तेवढ्याच करारात खेळाडूच्या हाती जास्त पडतं. फायदा आहे, पण पँथर्सना तो तेव्हाही होता आणि २००० नंतर थेट २०१२ पर्यंत ते प्लेऑफलासुद्धा पोचले नव्हते. त्यांचं स्टेडियम तर मायामीपासून लांब, पाणथळीच्या काठावर. तिथे जागेचं माझं गणित चुकतं, कबूल. जिंकायला लागल्यावर लोक तिथेही जायला लागले.

आता पुणे-मुंबई. बर्फ उद्या तयार होईल, विजेचं बिल भरणारा आणि दहा वर्षं थांबणारा माणूस मिळत नाही. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी आंतरराष्ट्रीय मापाचं बंदिस्त रिंक बांधलं. स्पर्धा झाली आणि ते वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिलं, पुन्हा सुरू झालं २०२५ मध्ये. तोवर आपली लडाखी पोरं-पोरी लेहच्या गोठलेल्या तळ्यावर, हिवाळ्यातल्या थोड्याशा आठवड्यांत सराव करत होती. तेव्हा लीगचं राहू दे. तुमच्या ओळखीत पैसेवाला असेल तर त्याला एक रिंक काढायला सांगा, हिंजवडीच्या पलीकडे नको, आणि तासाचे दर शाळकरी मुलांच्या आईबापांना परवडतील असे ठेवायला सांगा. ऑपरेटर लागला तर रत्नागिरीत विचारा. बाबा निवृत्त आहेत, पण हौस जबर आहे.