वापरलेल्या आरएक्स ५८० या एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाचा बायोस (कार्ड सुरू करणारा, त्याच्या चिपवरचा प्रोग्राम) फ्लॅश केला, म्हणजे नव्याने लिहिला, आणि डिस्प्ले गेला. आधी डिस्प्ले येत होता, पंखे अजून फिरतायत. दुकानदार म्हणतो चिप उडाली, हीट मारावी लागेल. कार्ड वाचेल का?

वाचेल. फ्लॅश करायच्या आधी डिस्प्ले येत होता आणि पंखे अजून फिरतायत, एवढं तुम्ही लिहिलंय ते मला पुरेसं आहे. चांगली चालणारी चिप नेमकी फ्लॅश केलेल्या मिनिटाला मरत नाही. बिघडलाय तो बायोस. त्या दुकानदाराला कार्डावर हीट गन धरू देऊ नका, हे आधी सांगतो.

माझं कार्ड असंच गेलं होतं, इथे सांगलीत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं माइनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात निघायला लागली. कुपवाडच्या एकाकडून मी आठ जीबीचं ५८० उचललं. डिस्प्ले आला, पण ड्रायव्हर काही केल्या बसेना. माइनिंगवाले मेमरीचं टायमिंग आवळायला बायोसमध्ये हात घालतात, आणि असा बदललेला बायोस एएमडीचा ड्रायव्हर चालवून घेत नाही. मूळ बायोस परत घातला की विषय मिटला असता.

त्या रविवारी आमचे दाजी घरी आले होते. दाजी हार्डवेअरची कामं करतात, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी नेटवरून ५८० नावाची एक रॉम, म्हणजे बायोसची फाइल, उतरवली. फ्लॅश करायला गेलो तर सबसिस्टीम आयडी, म्हणजे कार्ड कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल ही ओळख, जुळत नाही म्हणून टूल अडलं. मी म्हटलं, "दाजी, आधी आहे तो बायोस तरी सेव्ह करून घेऊ." ते म्हणाले, "काय होत नाही, फोर्स दे." बहिणीच्या नवऱ्याला किती अडवणार? फोर्स दिला, रीस्टार्ट केलं, मॉनिटर काळा.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेलं. त्या माणसाने कार्ड उघडलंही नाही. वरूनच म्हणाला, बीजीए (मुख्य चिपखालची सोल्डरची जोडणी) सुटलंय, भाजावं लागेल, अडीच हजार, गॅरंटी नाही. मी कार्ड पिशवीत घातलं आणि घरी आलो. दाजी म्हणाले, माइनिंगचं कार्ड, कच्चंच होतं, मेल्यावर पैसे घालू नको. ते वाक्य मला आजही लागतं.

मित्राच्या आयथ्रीच्या मशीनवर आधी प्रयत्न केला, कारण त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, माझ्या रायझन ३६०० मध्ये नाही. मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावला, मशीन चालू झालं, पण फ्लॅशच्या टूलला कार्डच दिसेना. तुमच्या कार्डाचं इथेच भागू शकतं, म्हणून हे पहिलं करून बघा. टूलला कार्ड दिसलं तर योग्य रॉम घाला, काम झालं.

मला मात्र सीएच३४१ए प्रोग्रामर (यूएसबीला लावून बायोसची चिप थेट वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) आणि आठ पायांची क्लिप मागवावी लागली. चारशे-साडेचारशे गेले. हीटसिंक काढला, जुनी पेस्ट पुसली आणि मेमरीच्या चिपांवर टॉर्च तिरका धरला, तेव्हा अक्षरं दिसली: एसके हायनिक्स. दाजींची रॉम होती दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाची, आणि तिच्यात फक्त सॅमसंग मेमरीचं टायमिंग. कार्ड उठणार कसं?

बायोसची चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला होती, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, तो एक नंबरचा पाय. क्लिपची लाल वायर त्याच बाजूला. पहिल्यांदा वाचलं तर फाइलभर नुसतं एफएफ, काहीच डेटा नाही, म्हणजे क्लिप बसलीच नव्हती. क्लिप बोटाने दाबून धरून परत वाचलं, तर दोनदा दोन वेगळ्या फाइली आल्या. इरेझर घासून पाय साफ केले, तेव्हा कुठे सलग दोन फाइली तंतोतंत जुळल्या. तोवर इरेजचं बटण दाबायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मग कार्डाच्या स्टिकरवरच्या पार्ट नंबरची, हायनिक्स मेमरीची रॉम शोधली. इरेज (पुसणं), ब्लँक चेक (रिकामी झाली का बघणं), राइट (लिहिणं), व्हेरिफाय (पडताळणं). सगळं लॅपटॉपवर केलं, कारण बाहेर वळीव घोंगावत होता आणि लाइटीचा भरवसा नव्हता.

रात्री अकराला कार्ड मशीनमध्ये लावलं आणि विंडोजची खूण दिसली. मी बहिणीला फोटो पाठवला, दाजींना दाखव म्हणून. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की कार्डच कच्चं होतं. त्याच कार्डावर माझा पुतण्या रोज खेळतो, एकही रेघ येत नाही. कच्चं कार्ड असं चालत नाही.

म्हणून सांगतो, आयडी जुळत नाही असं टूल म्हणालं की तिथेच थांबायचं. तो तुमच्या भल्याचा निरोप असतो. फोर्स दे म्हणणारा घरातला मोठा असला तरी त्याला नाही म्हणा, आणि आधी मूळ बायोसची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. माझ्याकडे ती असती तर पंधरा दिवस गेले नसते.

काही गोष्टी राहिल्या. तुमच्या कार्डावर बायोसचं छोटं सरकतं बटण आहे का बघा. काही ५८० वर दोन बायोस असतात. असेल तर मशीन बंद करून ते सरकवा, कदाचित बाकी काहीच करावं लागणार नाही. काळा सीएच३४१ए डेटाच्या पायांवर पाच व्होल्ट सोडतो, माझी ३.३ व्होल्टची चिप वाचली, पण काही नव्या कार्डांवर १.८ व्होल्टची चिप असते, तिथे अडॅप्टरशिवाय क्लिप लावूच नका. चिपचा नंबर आधी वाचा. बायोसच्या चिपचा एक आणि आठ नंबरचा पाय टाचणीने जोडून मशीन चालू करायची युक्ती लोक सांगतात. चालते, पण हात सटकला तर कार्ड खरोखरच जाईल, मी सुचवणार नाही. आणि तुमचं ५८० '२०४८एसपी' असेल तर त्याला साध्या ५८० ची रॉम घालू नका. ते वेगळं कार्ड आहे, २३०४ कोअरचं नाही.

स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि मेमरीवरची अक्षरं इथे लिहा. रॉम जुळते का ते मी बघून सांगतो.